गुडघ्याला बाशिंग

पेटी शिकवणाऱ्या पुस्तकांत थाट असतात, अलंकार असतात, कुठल्या स्वरावर कुठले बोट ठेवायचे तेही असते. बसायचे कुठे, हे मात्र नसते. वाजवणाऱ्याला बूड असते ही गोष्ट आपल्या संगीतशास्त्राने विचारातच घेतलेली नाही. जमिनीवर बसणाऱ्यांचे त्यावाचून काही अडत नाही. सतरंजी टाकली, मांडी घातली, पेटी पुढ्यात ओढली, की सुरू. खरी फजिती होते ती पायपेटीवाल्याची.

आमच्या नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना नगरच) नाट्यगीतांची हौस असलेली निवृत्तांची एक मंडळी आहे. मी त्यातला पेटीवाला. माळीवाड्यातल्या एका जुन्या वाड्याचा माळा झाडताना पायपेटी सापडली आणि ती साहजिकच माझ्या गळ्यात पडली. खाली दोन पेडल. त्यांवर आळीपाळीने पाय मारत राहायचे, म्हणजे भात्यात हवा राहते आणि दोन्ही हात सुरांना मोकळे मिळतात. पेटीची मूळ जात हीच. पॅरिसच्या देबाँ यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियम आणली, ती पायांनीच चालणारी. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता लावून आपल्या बैठकीत बसवले. त्यांनी पेटी सुटसुटीत केली, असे सगळे म्हणतात. माझ्या मते त्यांनी खुर्चीचा वाद मिटवला आणि हे काम जास्त मोठे.

नगरात हा वाद जुनाच असणार. अमेरिकन मिशनचे लोक इथे १८३१ साली आले. त्यांच्याबरोबर विलायती चालींची गीतेही आली. नंतर कृष्णराव सांगळे आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तन, अभंग, भजन रुजवले. भजन म्हटले की टाळ आले, आणि टाळ आले की जमीन आली. यामागची धार्मिक आणि सांस्कृतिक कारणे विद्वानांनी लिहून ठेवली आहेत. बाकाच्या उंचीचा त्यांनी विचार केलेला दिसत नाही. करायला हरकत नाही.

पहिल्या तालमीला मला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. मी पावणेसहा फूट. पेडलवर पाय ठेवले, तर गुडघे थेट पेटीच्या पोटाला लागले. आमच्या पेटीला तिथे गुडघ्याने ढकलायची एक फळी आहे. ती ढकलली की आवाज मोठा होतो. माझा गुडघा तिच्यावर कायमचा टेकलेला. आमच्या मंडळीत गाणाऱ्या आत्या बिचाऱ्या विरहाचे पद हळुवार गात होत्या आणि पेटी लढाईवर निघाली होती. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून तिच्यावर दोन उशा ठेवल्या. आता गुडघे सुटले, पण टाचा अधांतरी! नुसत्या चवड्यांनी भाता भरेना. प्रत्येक तानेच्या शेवटी पेटीला धाप लागू लागली.

सल्ले सुरू झाले. कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवे, असे एकांनी सांगितले. ते बरोबरच होते, पण गुडघ्याचे काय, ते त्यांना ठाऊक नव्हते. मंडळीतले मामा म्हणाले, पेटीखाली विटा लावा. विटा आल्याही. तेवढ्यात खिडकी दुरुस्त करायला आलेला सुतार म्हणाला, "सर, पेटी उचलली की पेडलबी वर येनार. तुमचा गुडघा व्हता तिथंच." विटा परत गेल्या.

अमेरिकेत पेडल स्टील गिटार नावाचे एक वाद्य आहे. ते वाजवणाऱ्याचे हाल ऐकले की मला माझी पेटी सोसते. ते टेबलासारखे चार पायांवर आडवे असते. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, दोन्ही गुडघे खालून लोंबणाऱ्या दांड्यांमध्ये, डाव्या हातात पोलादी कांडी आणि उजव्या बोटांत नख्या. एवढे सांभाळून चेहरा प्रसन्न ठेवायचा! उंच माणसाच्या मांड्या अडतात, म्हणून त्या वाद्याला लांब पायही बसवता येतात. पण पेडल खालीच राहतात, त्यामुळे त्यांना वरच्या यंत्राशी जोडणाऱ्या सळयाही लांबवाव्या लागतात. नाहीतर पेडलची आणि यंत्राची भेटच होत नाही. आमच्या सुताराला हे सांगितले. तो म्हणाला, "त्यांचं बरंय. आपली पेटी आहे तेवढीच. तुम्हीच काय ते वर-खाली व्हा."

म्हणून मळसूत्राचे गोल स्टूल आणले. फिरवले की वर जाते, उलटे फिरवले की खाली येते. या कामासाठीच बनलेली वस्तू, फक्त आमच्या स्टुलाचे आटे झिजलेले. सावेडीतल्या कार्यक्रमात मी झोकात वर चढून बसलो. पण पाय मारताना अंग थोडे डुलते आणि प्रत्येक डुलण्यागणिक स्टूल किंचित फिरत होते. पहिले पद संपेपर्यंत कोपरे पट्ट्यांखाली गेली. दुसऱ्यात गुडघा फळीला लागला आणि आवाज वाढला. लोकांना वाटले, पेटीवाला रंगात आला, टाळ्याही पडल्या. तिसऱ्या पदाला पहिल्या रांगेतल्या सौभाग्यवतींना माझी फक्त टोपी दिसत होती, असे त्यांनी घरी सांगितले. वर हेही सांगितले, की एवढी गुडघ्याला बाशिंग बांधून वाजवायची हौस, तर निदान दिसायचे तरी.

बालगंधर्वांच्या कंपनीत ऑर्गन होता, कादरबक्षांची सारंगी होती, थिरकवाँचा तबला होता. तिथला ऑर्गनवाला कसल्या आसनावर बसत असेल, हा प्रश्न मला हल्ली छळतो. नटाचे तोंड दिसले पाहिजे आणि महागाच्या तिकिटाच्या आड डोके येता कामा नये, म्हणजे इंचाइंचाचा हिशेब आला. समीक्षक मात्र मींडेवर पाने भरतात.

शेवटी सुतारानेच मार्ग काढला. एक साधे बाकडे आणि त्यावर घालायला पातळ फळ्या. मला बसवून त्याने मांडीखालून हात घालून पाहिला, टाच पेडलवर पुरी टेकते का ते पाहिले, एक फळी काढली, पुन्हा पाहिले आणि पेन्सिलीने खूण केली. सूर त्याला कळत नाहीत, गुडघे कळतात. आता मी मजेत वाजवतो. अडचण एवढीच, की तबलजींनीही सुताराला घरी बोलावले आहे. पेटीवाला बाकड्यावर आणि आम्ही खाली सतरंजीवर का, असे त्यांचे म्हणणे आहे.