प्रश्न क्रमांक १४

'विद्यार्थ्यास घरी अभ्यासासाठी स्वतंत्र टेबल-खुर्ची उपलब्ध आहे काय? होय / नाही.'

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती जेवढी गावं आहेत, तेवढ्यांना हा प्रश्न विचारून झाला. शेंडीत विचारला, मुरशेतला विचारला, पांजऱ्याला नि उडदावण्याला विचारला आणि गाडी जाईल तिथवर, म्हणजे साम्रद-रतनवाडीपर्यंत, विचारत नेला. कौटुंबिक पार्श्वभूमी आणि संस्कृती यांचा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर होणारा परिणाम, असा विषय होता. असे विषय पावसाळा सरला, रस्ते सुकले की घाट चढून येतात. अभ्यासक जलाशयाकडं तोंड असलेली खोली घेतात, सकाळी पोहे खातात आणि इथली मुलं मागे का पडतात ते शोधायला निघतात.

प्रश्नावलीत इतरही प्रश्न होते. घरात पुस्तकं किती? झोपण्यापूर्वी पालक पाल्यास गोष्ट वाचून दाखवतात का? पाल्याच्या प्रगतीविषयी घरात चर्चा होते का? पण आमचा जीव जडला तो चौदाव्यावर.

पांजऱ्याच्या बाजूला एका आजींना तो विचारला गेला. आजी नागली पाखडत होत्या. हातातलं सूप न थांबवता म्हणाल्या, "हाय ना टेबल. हाटेलात हाय. पोरगं शनवार-रईवार तेच तर पुसतं."

झाली की नाही पंचाईत? कागदावर चौकोन दोनच. टेबल आहे, हे खरं. विद्यार्थ्याचा त्याच्याशी आठवड्यातून दोन दिवस आणि काजव्यांच्या हंगामात रोजच संबंध येतो, हेही खरं. टेबल स्वच्छ आहे, उजेड भरपूर आहे, खिडकीतून पाणी दिसतं. अभ्यासाला याहून पोषक वातावरण कुठल्या शास्त्रात सांगितलेलं नाही. फक्त खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं. अभ्यासकांनी त्या सकाळी ज्यावर पोहे खाल्ले ते टेबल हेच होतं की शेजारचं, याची नोंद सापडत नाही. त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'उत्तरदात्यास प्रश्नाचे आकलन झाले नाही.'

भंडारदऱ्यात टेबलांचा दुष्काळ आहे असं मात्र कुणी समजू नये. पाण्याकाठी तंबू लागतात तिथं घडीची टेबलं असतात, त्यावर शेगडी नि कोंबडी असते. लॉजच्या गच्चीवर टेबलं असतात. कचेरीत टेबलं असतात आणि ती रिकामी असतात, कारण साहेब तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात. लग्नाच्या मांडवात टेबलं येतात आणि पंगत उठली की टेम्पोत बसून राजूरला परत जातात. सांदण दरी पाहायला आलेल्यांना खाली नेणारा दहावीतला पोरगा परतल्यावर ज्या टेबलावर हिशेब घेतो, तेही टेबलच. म्हणजे दरडोई टेबलांत आमचं भंडारदरा एखाद्या विद्यापीठाला हार जाणार नाही. कमतरता आहे ती 'स्वतंत्र' या अटीत. तशी ही अट अवघडच आहे. ज्या घरात माणसाला स्वतंत्र कोपरा नाही, गुरांना आहे तो भिंतीपल्याडचा, तिथं टेबलानं स्वतंत्र होऊन राहायचं म्हणजे त्यालाच संकोच वाटेल.

उरलेल्या प्रश्नावल्या भरल्या कोणी, तर गुरुजींनी. कारण अभ्यासकांना सगळ्या वाड्या-वस्त्या पायी फिरणं जमलं नाही आणि गुरुजींना सगळं जमतं अशी आपल्याकडं समजूत आहे. तेव्हा मुलं का शिकत नाहीत याची माहिती भरण्यासाठी शिकवणं बंद ठेवण्यात आलं. दोन शिक्षक, चार इयत्ता. त्यातले एक गुरुजी कागद घेऊन वस्तीवर, दुसरे चारी वर्गांना एका खोलीत कोंडून पाढे म्हणून घेत बसलेले. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७ : दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडता शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. टेबल नसणं ही आपत्ती आहे असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं.

बरं, हे टेबल काही आपल्या अभ्यासकांच्या डोक्यातून निघालेलं नाही. तेवढा आरोप आम्ही करणार नाही. २००० साली सुरू झालेली पंधरा वर्षांच्या मुलांची एक जागतिक परीक्षा आहे. तिच्या प्रश्नावलीतही अभ्यासाचं टेबल, स्वतःची खोली नि घरातली पुस्तकं विचारत आले आहेत. त्याआधी १९६६ मध्ये अमेरिकेत एक जाडजूड सरकारी अहवाल आला. सहा लाखांवर विद्यार्थी तपासून त्यानं सांगितलं की, मुलाच्या गुणांवर शाळेच्या इमारतीपेक्षा नि खर्चापेक्षा घराचा परिणाम जास्त दिसतो. हे खरंही आहे. ज्या घरात आई शिकलेली, भाषा पुस्तकासारखी, रात्रीच्या जेवणाची चिंता नाही, त्या घरचं पोर शर्यतीत निम्म्या वाटेवरून सुटतं, हे कळायला कुणाला सहा लाख मुलं मोजावी लागत नाहीत. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती : गोऱ्या, सुस्थितीतल्या मुलांपेक्षा अल्पसंख्य मुलांचं यश शाळेच्या बऱ्या-वाईटावर जास्त अवलंबून असतं. म्हणजे ज्याच्या घरी टेबल नाही, त्याला चांगली शाळा जास्त हवी. पहिलं वाक्य समुद्र ओलांडून, मुंबईत उतरून, घाट चढून शेंडीच्या स्टँडपर्यंत सुखरूप आलं. दुसरं वाटेत कुठं उतरलं, कुणास ठाऊक.

पहिलं वाक्य सोयीचं आहे हो. घरावर ढकललं की सगळेच सुटतात. निकाल लागला की, "काय करणार, घरचं वातावरणच नाही," असं म्हणायचं आणि दुसरा चहा मागवायचा.

आम्ही तर म्हणतो, एकदाची टेबलं वाटूनच टाका. मुंबईच्या एखाद्या कंपनीला तिच्या सामाजिक जबाबदारीची आठवण मार्चअखेरीस होईलच. निळ्या प्लास्टिकची, घडीची, पाठीवर कंपनीचं नाव असलेली टेबलं ट्रकनं येतील. मांडव पडेल, मुलं अकरा वाजल्यापासून उन्हात रांगेत बसतील, पाहुणे दीड वाजता येतील, टेबलावर टेबल ठेवून त्यावर नारळ फुटेल आणि फोटोत पाहुण्यांच्या हाताला टेबलाचा एक पाय नि मुलाच्या हाताला दुसरा पाय असं ते ज्ञानाचं हस्तांतरण छापून येईल. मग जूनमध्ये पाऊस लागेल. घाटघर-रतनवाडीचा पाऊस म्हणजे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरातला. त्यात भिंतसुद्धा ओली होते, जमीन तर होतेच. घरात कोरडी जागा एकच उरेल, ती टेबलाची. तेव्हा त्यावर आधी बियाण्याचं भात जाईल, मग मिठाचं गाडगं, मग सरपण, मग रेशनचं पोतं, आणि खाली कोंबड्या. पोरगं पुस्तक घेऊन चुलीपुढं बसेल, कारण ऊबही तिथंच आणि उजेडही तिथंच. भात झोडून झालं, दिवाळी सरली की घर उठेल नि नारायणगावला टोमॅटोवर किंवा नाशिककडं द्राक्षावर जाईल. टेबलाचं काय करायचं? पिकअपमध्ये आधीच वीस माणसं, त्यांची भांडी नि दोन शेरडं. टेबल टपावर बांधलं तर पोलीस अडवणार, ठेवून गेलं तर शेजारी नेणार. शेवटी ते दाराला कुलूप लावून आत एकटंच राहील. आता ते खऱ्या अर्थानं स्वतंत्र! अभ्यास करणारं पोर द्राक्षबागेच्या कडेला पालात नि अभ्यासाचं टेबल पांजऱ्यात. वर्षभरानं अभ्यासक पुन्हा येतील. टेबल : होय, शंभर टक्के. निकाल : होता तिथंच. मग शोधनिबंध निघेल की, भौतिक सुविधा पुरवूनही संपादणुकीत वाढ आढळली नाही, सबब दोष कुटुंबाच्या मानसिकतेत असून पालकांच्या समुपदेशनाची नितांत गरज आहे. समुपदेशनाला पालक बसतील कुठं? टेबलाभोवती.

आता दुसऱ्या टेबलाकडं वळू. पुण्या-मुंबईच्या घरातलं ते टेबल आम्हाला चांगलं ठाऊक आहे. वर दिवा, बाजूला वेळापत्रक, समोर पडदा ओढलेला. घरात दहावी असली की टीव्ही मुका होतो, आई बिनपगारी रजा घेते, आजी-आजोबांची रवानगी काकाकडं होते. दोन क्लास, एक सराव परीक्षांचा संच, गणिताला खास घरी येणारे सर. निकालाच्या दिवशी पेढा देताना वडील सांगतात, "आम्ही कधी अभ्यास कर म्हणून म्हटलं नाही हो. घरातले संस्कार, दुसरं काय!" या संस्कारांच्या पावत्या कपाटात फाइल करून ठेवलेल्या असतात नि त्यांची बेरीज मुरशेतमधल्या एखाद्या घराच्या दोन-तीन वर्षांच्या कमाईपुढं जाते, हे कोण विचारतो? त्यांच्या दारी प्रश्नावली घेऊन कुणी जात नाही. गेला तर वॉचमन खालीच अडवतो.

हेच गृहस्थ मे महिन्याच्या शेवटी काजवे पाहायला इथं येतात. गाडीचा दिवा चालू ठेवून काजवे शोधतात. मग चहा आणून देणाऱ्या पोराच्या पाठीवर थाप मारून बायकोला म्हणतात, "खरं शिक्षण हेच! निसर्गाच्या शाळेत शिकताहेत ही मुलं." साहेब, जागा आहे त्या शाळेत. आपल्या चिरंजीवांचं नाव घालायचं का? फी नाही, बस नाही, स्वतंत्र टेबलही लागत नाही. फक्त टेबल पुसता यायला हवं.

आणि पार्श्वभूमीचाच विषय काढलाय तर सगळीच काढू. इथल्या धरणाचं काम १९१० ला सुरू झालं नि १९२६ ला पुरं झालं. अकरा टीएमसी पाणी. ते कुणाच्या शेतात जातं? वरचा डोंगर पाच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतो, आणि पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडं उतरतं, जिथं पाऊस जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. तिथं कालवे निघाले, कालव्यावर ऊस आला, उसावर पक्की घरं आली, घरात फरशी, फरशीवर टेबल, टेबलावर पोरगं, आणि ते पोरगं आज डॉक्टर-इंजिनिअर. त्याच्या फॉर्मवर 'कौटुंबिक पार्श्वभूमी : उत्तम' असं लागतं. लागणारच! शंभर वर्षं बारमाही पाणी पाजलेली पार्श्वभूमी आहे ती. खालच्या शेतकऱ्यानं कष्ट केले नाहीत असं आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्या डोंगरात ते पाणी साठलं, ज्यांची खाचरं त्याखाली गेली, त्यांच्या वस्तीवर एप्रिल-मे महिन्यात बाई डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरते. तिच्याबरोबर पोरगी असते, तिच्या डोक्यावर छोटा हंडा. त्या पोरीच्या फॉर्मवर 'पार्श्वभूमी : प्रतिकूल'. पार्श्वभूमी वरून खाली वाहत गेली नि दोष तेवढा वर राहिला! घाटघरला अडीचशे मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. रात्री पाणी वर चढवायचं, दिवसा खाली सोडून वीज काढायची, अशी त्याची करामत. प्रश्न क्रमांक १५ काय होता माहीत आहे? 'अभ्यासासाठी पुरेसा प्रकाश उपलब्ध आहे काय?' आषाढात झाड तारेवर पडलं की त्याच परिसरातली वस्ती दिवसच्या दिवस अंधारात असते. हा प्रश्न घाटघरला येऊन विचारायला छाती लागते. अभ्यासकांना ती आहे.

आणि एवढ्या सगळ्यात जी एक गोष्ट घराची उणीव थोडीतरी भरून काढू शकते, ती शाळा. ती पोराच्या चालण्याच्या टप्प्यात हवी, एक किलोमीटरच्या आत, असं नियमच सांगतो. पण पट वीसच्या खाली गेला की तिच्याकडं आकडेमोडीच्या चष्म्यातून बघायला सुरुवात होते. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना निघाली. म्हणजे सहा वर्षांच्या पोरानं श्रावणातल्या धुक्यात ओढा ओलांडून, गाडी आली तर गाडीनं आणि नाही आली तर पायानं, लांबच्या मोठ्या शाळेत जायचं. तिथं टेबलं असतील. उशिरा पोचला तर हजेरीच्या रकान्यात काय लागेल आणि त्याचं कारण म्हणून काय लिहिलं जाईल, ते वाचकांनी ओळखलंच असेल.

प्रकल्पाचा दुसरा टप्पा ठरला आहे म्हणे. पालकांच्या घरी जाऊन प्रत्यक्ष मुलाखती. अभ्यासकांना सुट्टी जुलैत मिळते, म्हणून तारखा जुलैतल्या. त्या दिवसांत इथं आवणी असते. चिखलात उभं राहून रोप लावायचं नि पाऊस असेपर्यंत उरकायचं. घरं उघडी नि माणसं खाचरात, शाळेतली मोठी पोरंही तिथंच. त्यामुळं घरी कुणीच भेटणार नाही, याचीही तरतूद करून ठेवली आहे. प्रश्नावलीच्या नव्या छपाईत शेवटी एक चौकोन वाढवलाय : 'पालक उदासीन.'