तोंडात तीळ न भिजणाऱ्या महोदयांस

३१ डिसेंबर २०१८

रा. रा. स्पॉइलरराव यांस,


वर्ष सरतंय. ज्यांनी ज्यांनी वर्षभर सेवा दिली त्यांचे आभार मानायची ही वेळ. पेपरवाला झाला, वॉचमन झाला, आपणच तेवढे राहिला होतात. आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं वेळापत्रक ठरलेलं आहे: सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि शुक्रवारी पहिला शो सुटला की आपण. आपलं नाव इथे लिहीत नाही. एक तर गरज नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ग्रुपवर आपण आहातच. आणि दुसऱ्याचं गुपित चव्हाट्यावर मांडू नये असं मानणारे काही लोक अजून शिल्लक आहेत.

इतर वाचकांना सूचना: यापुढे यंदाच्या चित्रपटांचे आणि कॉमिक्सचे शेवट येणार आहेत. ज्यांचं पाहायचं-वाचायचं राहिलंय त्यांनी इथेच थांबावं. (अशी सूचना आधी देता येते, स्पॉइलरराव. दोन ओळींत होते. बोटं झिजत नाहीत.)

तर २७ एप्रिल. ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ आपल्याकडे आणि अमेरिकेत एकाच दिवशी लागला. तिकडे तो ४ मेला यायचा होता, पण तारीख आठवडाभर अलीकडे ओढली गेली. दिग्दर्शक रूसो बंधूंनी तर पत्रक काढून, खलनायक थॅनॉसच्या नावाने दम देऊन, चाहत्यांकडे मौन मागितलं होतं. एवढी तटबंदी आपण एका अंगठ्याने पाडलीत. माझं तिकीट रात्रीचं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, शेजारी फोन उताणा पडलेला, आणि पडद्यावर आपले शब्द सरकले: ‘स्पायडरमॅन पण राख झाला’. पुढे रडक्या तोंडांच्या बाहुल्यांची रांग. डब्यात भेंडीची भाजी होती. तिचा काही दोष नव्हता, पण अजून नको वाटते.

आता जरा मन घट्ट करा. आपण जे फोडलंत, ते २७ वर्षं उघड्यावरच पडलेलं होतं. जिम स्टार्लिन यांनी लिहिलेलं ‘इन्फिनिटी गॉंटलेट’ १९९१ सालचं. त्यात थॅनॉस चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव नाहीसे होतात, ते सहा अंकांपैकी पहिल्याच अंकात. जॉर्ज पेरेझ यांनी ते काढलंही असं की विसरणं कठीण. तिथे तो हे सगळं मृत्यू नावाच्या बाईवर छाप पाडायला करतो. चित्रपटात त्याला विश्वाचा शिधा पुरवायचा आहे. तर चुटकी वाजणार हे मला चांगलंच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की कॉमिकमध्ये गोष्ट जिथे सुरू होते, तिथे चित्रपट संपतो. आधीचे १८ चित्रपट, १० वर्षं, आणि शेवटी जिंकलेला थॅनॉस झोपडीपुढे निवांत बसलाय. श्रेयनामावलीनंतर ‘परत येणार’ म्हणून जे नाव झळकतं तेही त्याचंच. असा दगाफटका आयुष्यात एकदाच अनुभवायला मिळतो. पीटर, म्हणजे तोच स्पायडरमॅन, टोनीला बिलगून मला जायचं नाही म्हणत होता, अख्खं थिएटर चिडीचूप, आणि मी पंचनाम्याला आलेल्या हवालदारासारखा बसलेलो: हं, हा झाला. आता पुढचा कोण?

नंतर मी कुरकुर केली तेव्हा आपण ग्रुपवर एका संशोधनाची लिंक टाकलीत. ती मी वाचली. संशोधन खरंच आहे. २०११ साली सॅन डिएगोच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना चेखव, रोआल्ड डाल, अगाथा ख्रिस्ती वगैरेंच्या कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून. आणि शेवट कळलेल्यांना त्या कथा जास्त आवडल्या. पण त्या पोरांच्या हातात कथा कोणीतरी ठेवली होती. त्यांनी तिची वर्षानुवर्षं वाट पाहिली नव्हती, आठवडाभर आधी तिकीट काढलं नव्हतं, आणि शेवट सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपल्यासारखा आनंदही नसावा.

मग आपण दशावतारावर आलात. संकासुर मरणार हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी गाव रात्रभर बसतो ना! बसतो की. कारण तिथे ते सगळ्या गावाला माहीत असतं. मांडवात मागून येऊन कोणी कानात ‘संकासुर मरतो बरं का’ असं सांगून पाहावं. गाव त्याचं काय करील ते सांगायला नको.

तरी आपला एक उपयोग झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. यंदा मला काय आवडलं ते लिहून काढायला बसलो, तर निवड आपणच करून ठेवलेली. ज्याचा शेवट आपण सांगितलात आणि तरी गोडी गेली नाही, ते टिकलं. ‘व्हेनम’बद्दल आपण काहीच बोलला नाहीत. त्यात फोडण्यासारखं आपल्याला काही सापडलं नाही आणि पाहण्यासारखं मला.

‘ब्लॅक पँथर’चा किलमाँगर मरतो, हे आपण फेब्रुवारीतच कळवलंत. मरू दे. उपचार नाकारून, गुलामगिरीपेक्षा समुद्राचा तळ पत्करलेल्या पूर्वजांची आठवण काढत तो मरतो आणि नायकाला निरुत्तर करून जातो. खलनायकाचं म्हणणं थिएटरच्या बाहेर आल्यावरही डोक्यात घोळत राहावं, हे या धंद्यात फार कमी वेळा घडतं. (याच चित्रपटात एक टोळी हनुमानाचा जयजयकार करते, आपल्या सेन्सॉरने तो शब्दच मुका केला. गुपित राखावं तर असं.)

जुलैत आपल्याला तोडीस तोड जोडीदार मिळाला. बॅटमॅन आणि कॅटवुमनचं लग्न, टॉम किंग यांच्या मालिकेचा ५०वा अंक, बुधवार ४ जुलै. अमेरिकेत दुकानदारांनी मध्यरात्रीचे लग्नसोहळे ठेवलेले, वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या प्रतींचे गठ्ठे मागवलेले. आणि अंक यायच्या आधीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मथळ्यातच सांगून टाकलं की लग्न मोडलं. वऱ्हाड दारात यायच्या आधी नवरी गेल्याची बातमी! तिथे मात्र मला फारसं दुःख झालं नाही. सुखी संसारात पडून बॅटमॅन बॅटमॅन राहणार नाही म्हणून ती निघून जाते. हे पान उलटण्याआधी कळलं काय, नंतर कळलं काय, पटत नाही ते नाहीच पटत.

त्याच किंग यांचं ‘मिस्टर मिरॅकल’ मात्र आपल्याला पुरून उरलं. नोव्हेंबरात १२वा अंक आला आणि संपलं. चित्रं मिच गेरड्स यांची. स्कॉट फ्री हा कशातूनही निसटणारा जादूगार. पहिल्याच अंकात तो आयुष्यातून निसटू पाहतो. बहुतेक पानांवर नऊ चौकटी, खिडकीच्या गजांसारख्या, आणि मधूनच एखादी चौकट पूर्ण काळी. एका अंकात नवरा-बायको शत्रूच्या किल्ल्यात घुसतात. सापळे चुकवताहेत, पहारेकऱ्यांना लोळवताहेत, आणि सगळा वेळ चर्चा चाललीय ती घरातल्या खोल्या कशा बदलून घ्यायच्या याची. मुंबईत वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या कोणालाही यातली खरी लढाई कोणती ते लगेच कळेल. शेवटी हे सगळं खरंच घडलं की त्याच्या मनात, हे लेखक सांगतच नाही. आपण दोनदा वाचलंत म्हणे. आणि ग्रुपवर अवाक्षर नाही! इतकी शांतता त्या ग्रुपने कधी पाहिली नसेल.

‘इमॉर्टल हल्क’चंही तेच. अ‍ॅल इविंग आणि जो बेनेट यांनी जूनमध्ये सुरू केलेल्या या मालिकेत पेट्रोल पंपावरच्या दरोड्यात ब्रूस बॅनर पहिल्याच अंकात मरतो आणि रात्र झाली की त्याचं मढं उठतं. नायकाचं मरण पहिल्या काही पानांतच उरकल्यावर आपण सांगणार काय? एप्रिलमध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा १०००वा अंक आला, सुपरमॅनची ८० वर्षं आणि त्याची लाल चड्डी परत. ते प्रकाशकाने मुखपृष्ठावरच छापलं होतं, तेव्हा तेही आपल्या हातचं गेलं.

आणि मग या महिन्यातला ‘स्पायडरमॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’. आपला निरोप: ‘यात पण स्पायडरमॅन मरतो’. दरवेळी आपल्याला स्पायडरमॅनच कसा सापडतो? पण या खेपेला आपण शेवट म्हणून जे सांगितलंत ती सुरुवात निघाली. तो पीटर मरतो म्हणून तर माइल्स मोरालेसची गोष्ट चालू होते. कोळी चावला, काका गेले, ही कथा इतकी घासून गुळगुळीत झालीय की चित्रपट स्वतःच तिची टिंगल करतो; येणारा प्रत्येक कोळीमाणूस कॉमिकचं पान फडकवून तीच रड पुन्हा सांगतो. मजा पाहण्यात आहे. पडद्यावर जुन्या छपाईचे ठिपके दिसतात. सेकंदाला २४ फ्रेम, पण सुरुवातीला माइल्सचं प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवून ठेवलंय. बर्फाळ रानात तो आणि पोट सुटलेला दुसरा पीटर जाळी टाकत पळतात तिथे पाहा: पीटर सुळकन जातो, पोरगा अडखळतो. पुढे त्याला जमत जातं तसं अडखळणं विरतं. तो उंच इमारतीवरून उडी घेतो तेव्हा भीतीने काचेला चिकटलेली बोटं सुटत नाहीत, काचच फुटून हाताबरोबर येते. आणि चौकट उलटी धरल्यामुळे तो पडत नाही, शहराकडे वर चढतोय असं दिसतं. हे व्हॉट्सॲपवर फोडून दाखवा, मी आपल्याला जेवण देतो. नोव्हेंबरात गेलेले स्टॅन ली त्यात दुकानदार होऊन माइल्सला पोशाख विकतात. जूनमध्ये गेलेले स्टीव्ह डिटको आणि ते, स्पायडरमॅनच्या या दोन्ही जनकांनाच चित्रपट अर्पण केलाय. तेवढं वाचायला तरी आपण थांबला होतात का? की निरोप टाइप करत जिना उतरत होतात?

असो. पुढच्या अ‍ॅव्हेंजर्सचं ‘एंडगेम’ हे नाव याच महिन्यात जाहीर झालं, एप्रिलमध्ये येतोय. मी ग्रुप सोडू शकत नाही, कारण सुट्ट्यांच्या आणि पगाराच्या सूचना तिथेच येतात. म्हणून एप्रिलचा शेवटचा आठवडा आपल्याला ग्रुपमधून तात्पुरतं काढावं असा अर्ज ॲडमिनकडे करायला गेलो. चौकशी केली तर ॲडमिन आपणच.

तेव्हा अर्ज सोबत जोडला आहे. आपल्या सवडीने आपल्याविरुद्ध निर्णय घ्यावा. पोच म्हणून नुसता अंगठा पाठवला तरी चालेल, शब्द नकोत.

कळावे,
आपला,
रात्रीच्या शोचा प्रेक्षक