बोर्निओ विचाराधीन

दिल्लीतल्या मराठी माणसांचे दोन प्रकार असतात. एक, बदलीची मुदत संपताच सामान बांधणारे. दुसरे, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत निवृत्तीपर्यंत इथेच राहणारे. आराखडेकाका दुसऱ्या प्रकारातले. केंद्र सरकारात अवर सचिव, राहायला मयूर विहारात, आणि मनाने मात्र बोर्निओच्या जंगलात. असे काका द्वारकेतही असतात, नोएडातही. कुणाचं मादागास्कर असतं, कुणाची श्रीलंका. बेट बदलतं, काका तेच.

कुठलाही विषय बोर्निओवर आणायला त्यांना दोन वाक्यं पुरतात. गणपतीच्या मंडपात कुणी म्हणालं, "यंदा डास फार," की काका लगेच, "डासांचं काय घेऊन बसलात! डानुम खोऱ्यात झाडाच्या पानावरून जळवा टपकतात." सांगताना चेहऱ्यावर असं काही समाधान, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ परवाच रक्त देऊन आलेत.

सहल आखली आहे ती कार्यालयीन शिस्तीत. एक्सेलच्या पहिल्या पानावर 'पार्श्वभूमी': ग्रीनलंड आणि न्यू गिनीखालोखाल जगातलं तिसरं मोठं बेट, महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत वाटलेलं. दुसऱ्या पानावर 'मार्ग': दिल्ली, क्वालालंपूर, कोटा किनाबालू, संडाकान. खाली टीप: साबा राज्यात शिरताना पासपोर्ट पुन्हा तपासतात, तो हाताशी ठेवणे. तिसऱ्या पानावर 'प्राणी', अग्रक्रमानुसार: सेपिलोकच्या १९६४पासूनच्या पुनर्वसन केंद्रातले ओरांगउटान, किनाबतांगान नदीकाठची लांब नाकाची माकडं, तिथलेच ठेंगणे हत्ती. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात काकूंनी एकच ओळ लिहिली आहे: 'आधी तिकिटं काढा.'

तिकिटं निघत नाहीत, कारण तारीख ठरत नाही. मार्च म्हणजे परीक्षा आणि आर्थिक वर्षअखेर. मे महिन्यात नागपूरला काकूंच्या माहेरची लग्नं. जुलैत संसदेचं अधिवेशन, रजा बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी, शिवाय पुढे तिकडे पावसाळा. बारा महिन्यांपैकी प्रत्येकाला काकांकडे निदान एक तरी हरकत तयार असते. त्यात ती रॅफ्लेशिया! जगातलं सगळ्यात मोठं फूल. कळी वाढायला महिनोन्महिने, आणि उमललं की आठवडाभरात कुजून जातं. सहल त्या आठवड्यातच व्हायला हवी, असा काकांचा आग्रह. काकू म्हणाल्या, "अहो, तुमचं फूल उमलेपर्यंत माझे गुडघे राहतील का?" काकांनी 'गुडघे' हा नवा मुद्दा म्हणून नोंदवून घेतला.

मग अंदमानचा पोटप्रश्न. केंद्र सरकारी नोकराला एलटीसीवर, म्हणजे रजा-प्रवास सवलतीवर, विमानाने अंदमानला जायची खास मुभा आहे. परदेशाला एलटीसी नाही, वर कार्यालयाची परवानगी लागते. सासूबाईंचं मत स्पष्ट: "सावरकरांची कोठडी बघायची राहिलीय. माकडं काय, आपल्या मंत्रालयाच्या आवारातही आहेत." काकांनी दोन्ही बेटांची तुलना करणारं टिपण केलं. ते टिपण सध्या पुनर्विलोकनाखाली आहे, आणि एलटीसीचा चार वर्षांचा ब्लॉक संपत आला आहे.

डिसेंबर २०२३पासून मलेशियाने भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, तेव्हा घरात पेढे वाटायला हवे होते. काका दोन दिवस गप्प होते. व्हिसा ही त्यांची हुकमी सबब होती.

खरेदी मात्र पूर्ण आहे. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आहे. गुडघ्यापर्यंत येणारे, विजारीवरून चढवायचे जळूमोजेही आहेत. ते भर मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, काकांनी घरात घालून पाहिले. चहा प्यायले, वर्तमानपत्र वाचलं, आणि 'जळू: शून्य' अशी नोंद केली. मोजे धुऊन बाल्कनीत वाळत घातले, तर कामवाल्या बाईने विचारलं, "साहब के पैर में क्या हो गया?"

एकदा मुलगी ओरडली, "बाबा, लवकर या, समोरच्या पिंपळावर धनेश बसलाय!" काका लॅपटॉपवर बोर्निओचा शिंगवाला धनेश पाहत होते. "राखी धनेश ना? तो इथलाच आहे गं. कुठे जातोय!" ओखल्याचं पक्षी अभयारण्य मेट्रोने गाठता येतं, सुलतानपूरचं सरोवर गुरुग्रामच्या पलीकडे. तिथे काका गेलेले नाहीत. तिथे केव्हाही जाता येतं, म्हणून.

पण काकांना हसून मोकळं होता येत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या पंजाबी कुटुंबाने ती एक्सेल मागून घेतली, आठवड्यात तिकिटं काढली आणि जाऊन आले. पासपोर्टच्या टिपेपासून किनाबतांगानकाठच्या सुकाऊ गावातल्या होडीपर्यंत सगळं काकांनी लिहिल्याबरहुकूम घडलं. परतल्यावर ते फोटो दाखवायला आले. काकांनी चष्मा वर केला. "हा नर आहे, गालांच्या गाद्या बघा. आणि हे माकड? सुकाऊच्या वरच्या अंगाला की खालच्या?" शेजारी चकित. "अंकलजी, आप कब गए थे?"

"मसुदा तयार हो रहा है," काका म्हणाले. फोटो एकेक करत शेवटपर्यंत पाहिले आणि एक्सेलमध्ये एक दुरुस्ती केली: होडीत शाल न्यावी, पहाटे गार वाटतं.

आराखडेकाका टिंगलीचा विषय नाहीत. ते सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्यांच्या जिवावर निम्मी सोसायटी जग पाहते. तुम्हाला बोर्निओला जायचं असेल, तर त्यांची एक्सेल जरूर मागा, ते आनंदाने देतील आणि वर तासभर समजावूनही सांगतील. तारीख तेवढी त्यांना विचारू नका.