आधी इन कर!

नोकरी शोधणाऱ्या पोराला घरचे ऐकवतात ते कमी पडू नये म्हणून प्रत्येक सोसायटीत एक काका ठेवलेले असतात. निवृत्त, तब्येतीने ठणठणीत, सकाळी आठला वॉचमनच्या खुर्चीशेजारी हजर. तुमच्याकडचे काका ‘बँकेच्या परीक्षा दे’ या पंथाचे असतील, नाहीतर ‘सरकारी ती सरकारी’ या. आमच्या मीरा रोडच्या शांतीनगरातल्या काकांना कुठलीही नोकरी चालते. शर्ट मात्र खोचलेला लागतो.

पोरगं जिना उतरून आलं की काका त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट कमरेकडे बघतात.

“कुठे?”

“इंटरव्ह्यूला. लोअर परळ.”

“कसलं काम?”

“काका, डेटा अॅनालि...”

“ते होईल. आधी इन कर.”

पोरगं तिथेच, भाजीवाल्याच्या साक्षीने, पट्टा सैल करून शर्ट खोचतं. काका त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, कारण “पुढून सगळेच करतात, मागून सुटतं.” मग इतर सल्ला. तो तसा वाईट नसतो. बायोडेटात छंद म्हणून ‘वाचन’ लिहू नकोस, शेवटचं काय वाचलंस विचारतात. जुन्या साहेबाची निंदा करू नकोस, नवा साहेब त्यात स्वतःला बघतो. पगाराचा आकडा आधी तू बोलू नकोस. हे नाक्यापर्यंत चालतं, आणि रिक्षा सुटता सुटता मागून हाक येते, “उतरल्यावर बघ रे! रिक्षात सुटतं!”

रिक्षात सुटत नाही, गाडीत सुटतं. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये सकाळी मीरा रोडला जो चढला, त्याचा शर्ट दहिसरला बाहेर येतो आणि बोरिवलीला एक बटण उतरून जातं. यावर काकांचा तोडगा असा की आधी उलटं भाईंदरला जायचं आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून यायचं. एका पोराने अर्धा तास जास्त जाईल म्हणून कुरकुर केली. “नोकरी तीस वर्षं करायचीय आणि अर्ध्या तासाचा हिशेब काय करतोस?” काका म्हणाले. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल सुरू झाली, तेव्हा रेल्वेने अखेर आपलं ऐकलं अशा चेहऱ्याने ते दोन दिवस वावरत होते. घाम नाही, चेंगराचेंगरी नाही, इन शाबूत.

लॉकडाऊनमध्ये मुलाखती घरात आल्या. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा वर फॉर्मल शर्ट, खाली बर्म्युडा अशा वेषात लॅपटॉपपुढे बसणार होता. काकांनी मास्क लावून दारातूनच विचारलं, “इन?” तो म्हणाला, “काका, कॅमेऱ्यात खांद्याखालचं दिसतच नाही.” काका म्हणाले, “दिसत नाही, पण आवाजात कळतं.” त्याने बर्म्युडात शर्ट खोचला. नोकरी लागली. त्या एका योगायोगाने आमची पुढची काही वर्षं नासवली.

1 ऑक्टोबर 2020 ला मीरा-भाईंदर, वसई-विरारचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं आणि भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर दिसू लागली. 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं, गोळाफेक. यात करिअर सल्लागाराला काम काय? काकांनी शोधलं. गंजी हाफपँटमध्ये खोचायला लावली. “वारा भरतो. सेकंद जातात.”

इतका खोचण्याचा सोस असलेला माणूस टायचा भक्त असेल असं तुम्हाला वाटेल. उलट. टाय बघितला की काकांचं डोकं फिरतं. “काढ तो. लोंबतो.” अगदीच कंपनीचा नियम असेल तर टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत घालायला लावतात. गळ्यातलं आयडी कार्ड खिशात. इअरफोनची वायर कॉलरच्या आत. मुलींना ते फार बोलत नाहीत, पण ओढणीला पिन आहे ना, वेणी पाठीवर मोकळी सोडलेली नाही ना, एवढं विचारतातच. समोरच्या विंगेतली एक मुलगी एका कंपनीत एचआरला आहे. तिने त्यांना समजावलं की आता बिझनेस कॅज्युअलचा जमाना आहे, माणूस कपड्यांवरून जोखत नाहीत. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तिच्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाले, “पिन.”

सरकारही या बाबतीत मागे होतं. 8 डिसेंबर 2020 ला राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि चपला घालून कार्यालयात यायला बंदी केली, वर शुक्रवारी खादी घाला म्हणून सांगितलं. काकांनी बातमी दोनदा वाचली. “सगळं आहे, इन कुठाय?” पुढच्या वर्षी जीन्सवरची बंदी उठली, तेव्हा त्यांनी शासनाचा नाद सोडला होता. आणि 15 मार्च 2024 ला शिक्षकांच्या पेहरावाचा शासन निर्णय आला. त्यात पुरुष शिक्षकांचा शर्ट खोचलेला असावा असं चक्क लिहिलेलं! काकांनी त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाच्या आणि थकबाकीदारांच्या यादीच्या मधोमध लावली. तळमजल्यावरचे मास्तर, ज्यांचं पोट खोचण्याच्या पलीकडे गेलेलं आहे, ते आठवडाभर मागच्या गेटने ये-जा करत होते.

ऑक्टोबर 2016 मध्ये मात्र काका हसले नव्हते. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना फोनवरून लुबाडलं जात होतं. सातशेहून अधिक जण चौकशीसाठी ताब्यात घेतले गेले, त्यात पहिलीच नोकरी असलेली कितीतरी पोरं. टीव्हीवर ती तोंडं झाकून चाललेली आणि आम्ही ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून डोळे ताणून बसलेलो. काका अर्थातच कमरेकडे बघत होते. “एकाचंही इन नाही,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “जी कंपनी तुझे कपडे विचारत नाही आणि नाव मात्र बदलायला सांगते, तिथे दुसऱ्या दिवशी जाऊ नये. लोंबतं ठेवलं की मशीन ओढून घेतं.”

कॉल सेंटरात मशीन कुठून आलं, हे आम्ही कोणी विचारलं नाही. काकांचं बोलणं असंच कुठूनही कुठेही जातं.

उत्तर मिळालं ते माझ्या भाच्यामुळे. डिप्लोमा करून तो रिकामा बसला होता. शेवटी भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात सुपरवायझर म्हणून लागला. त्याला काकांनी गेटवर अडवलं नाही. पहिल्या दिवशी ते स्वतः त्याच्याबरोबर गेले. गाळ्यात पाऊल टाकताच म्हातारा मालक खुर्चीतून उठला. काकांनी कोणाशी गप्पा केल्या नाहीत. बफिंगच्या मशीनपाशी भाच्याला उभं केलं, त्याचा शर्ट स्वतःच्या हाताने खोचला, मनगटातलं कडं काढून त्याच्या खिशात टाकलं, आणि आले तसे परत गेले.

मालकाने मग भाच्याला सांगितलं. ऐंशीच्या दशकात काका याच गाळ्यात भांड्यांना पॉलिश मारायचे. शेजारच्या मशीनवर त्यांच्याच गावचा एक पोरगा होता, काकांनीच मुंबईला आणलेला. पगाराचा दिवस, पोराच्या अंगात नवा शर्ट. शर्टाचं टोक पट्ट्यात गेलं. मोटर बंद होईपर्यंत उजवा हात कोपरापर्यंत गेला होता. 1948 च्या कारखाने कायद्याच्या बाविसाव्या कलमात चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी करणाऱ्या कामगाराने अंगासरशी बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत असं लिहिलेलं होतं. पण मशीनवर दहाच्या आत माणसं दाखवली की तो कायदा सहसा गाळ्याच्या पायरीवरच थांबायचा. पोरगा गावी परत गेला. काकांनी आणखी बरीच वर्षं तिथेच काढली, इन करून.

म्हणजे टाय, वेणी, ओढणी, आयडी कार्ड या सगळ्याचा हिशेब लागला. आम्ही ज्याला शिष्टाचार समजून हसत होतो, तो त्या माणसाचा पहारा होता. यामुळे काकांचा त्रास कमी झालाय असं नाही. काल मी कोथिंबीर आणायला खाली गेलो तेव्हाही त्यांनी माझ्या कुर्त्याकडे अशा नजरेने बघितलं की मी कुर्ता खोचण्याची शक्यता तपासून पाहिली. पण मुलाखत असलेलं पोरगं हल्ली त्यांना चुकवून मागच्या गेटने निघालं, तर त्याची आईच त्याला वळवून पुढच्या गेटकडे पाठवते.

परवा खालच्या मजल्यावरचा तो बर्म्युडावाला नव्या कंपनीत निघाला होता. टी-शर्ट, स्नीकर, गळ्यात कार्ड.

“काका, आमच्याकडे असंच चालतं. तिकडे मशीनबिशीन काही नाही, नुसते लॅपटॉप.”

“कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं?”

“अकरा.”

“मधेच काढतात?”

“काढतात. परवा आमच्या मजल्यावरचे सहाजण गेले. सकाळी मेल आला, दुपारी कार्ड बंद.”

“मग आहे मशीन,” काका म्हणाले, आणि त्याच्या गळ्यातलं कार्ड उचलून त्यांनी त्याच्याच खिशात घातलं.