पाडकामकाका

नियम मोडणारा शेजारी परवडतो, कारण त्याच्याशी भांडता येतं. आमचे पाडकामकाका नियम मोडत नाहीत. ते फक्त भिंती मोडतात.

2014 साली पालघर जिल्हा झाला, पुढे जिल्हाधिकारी कार्यालय आमच्या कोळगावात आलं आणि आजूबाजूला इमारती वाढल्या. त्यातल्याच एका इमारतीत काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. राहतात म्हणजे, एका खोलीत राहतात आणि उरलेल्या खोल्या पाडून पुन्हा बांधतात. आधी ओट्याचा कडप्पा काढून ग्रॅनाइट लावला. मग ग्रॅनाइटला टाइल्स शोभेनात म्हणून टाइल्स उखडल्या. टाइल्स बदलल्यावर बाथरूम जुनं दिसायला लागलं. बाथरूमकडे पाहून ओटा पुन्हा जुना वाटू नये, अशी सगळी बिल्डिंग देवाला विनवते आहे.

प्रत्येक वेळी कागद मात्र चोख. सोसायटीची लेखी परवानगी, अनामत रक्कम, डेब्रिज उचलण्याची हमी आणि लिफ्टमध्ये स्वतःच्या सुंदर अक्षरात दिलगिरी. कामाची वेळ दहा ते एक आणि चार ते सहा. एक वाजता मिस्त्रीचा हॅमर अर्ध्या टाइलमध्ये असला तरी काका तो तिथंच थांबवतात. चार वाजता पुन्हा सुरू. त्या मधल्या वेळात झोप लागलेली माणसं चारला जी दचकतात, त्याबद्दल उपविधीत काही नाही.

खरी पंचाईत चौथ्या मजल्यावरच्या शिंदेची. तो बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत नाईट करतो. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो, चहा-पोळी खातो आणि आडवा होतो, तोवर दहा वाजतात. एकदा तो लाल डोळ्यांनी खाली आला. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम वाचून दाखवले.

"रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं बंद. मी कधी चालवली का?"

"पण काका, त्या वेळी मी घरीच नसतो!"

"मग तुला त्रास कसला?"

शिंदेनं मोबाइलवर आवाज मोजून दाखवला. निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. आकडा 80च्या पुढे. काका प्रेमानं म्हणाले, "अरे, ती मर्यादा सरासरीवर असते. एक ते चारची शांतताही धर ना त्यात."

कायदा करणाऱ्यांनी माणूस रात्री झोपतो असं धरलं होतं. बोईसरला निम्मा गाव पाळीनं झोपतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

2018च्या अखेरीपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा इकडेही लोक धास्तावले होते. आता भांडी खणखणली तरी आमच्याकडे कुणी जिना उतरत नाही. आधी घड्याळ बघतात. दहा ते एकच्या मधला धक्का असेल तर तो काकांचा.

वार्षिक सभेत शेवटी ठराव आला: एका घरात वर्षाला तीस दिवसांपेक्षा जास्त पाडकाम नको. अनुमोदन काकांनीच दिलं. वर मसुद्यातली शुद्धलेखनाची एक चूकही सुधारली. फक्त "दिवस" म्हणजे कामाचे पाच तास, असं इतिवृत्तात नोंदवून घेतलं. एखाद्या दिवशी मिस्त्री तासभरच आला, तर उरलेले चार तास काका पुढं ओढतात. त्यांची वही पाहिली तर मागल्या वर्षातले अकरा दिवस अजून शिल्लक आहेत.

परवा संध्याकाळी पेढे घेऊन आले. मुलानं शेजारचा, म्हणजे आमच्या भिंतीला लागून असलेला, फ्लॅट घेतलाय. मधली भिंत काढायची आहे. ती विटांची आहे, असा इंजिनिअरचा दाखलाही आणला होता.

"तुमच्या मुलीची परीक्षा कधी संपते, वहिनी? त्यानंतरच सुरू करतो. मला घाई नाही."

"सीए करतेय ती, काका," बायको म्हणाली. "अजून पहिलीच परीक्षा द्यायचीय."

काकांनी वही काढली आणि सीएच्या एकूण परीक्षा किती, ते विचारून लिहून घेतलं.