जुन्या पीसीवर गाणं करण्याचे विधी आणि पथ्य

साहित्य: पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी, क्यूबेस एसएक्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि तिचं डोंगल. डोंगल मंगळसूत्रासारखं जपावं. ते हरवलं की क्यूबेस उघडत नाही.

प्रथम इंटरनेटची वायर काढावी. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीची काळजी घेणं थांबवलं. तेव्हापासून हे मशीन सोवळ्यात आहे, बाहेरचा स्पर्श चालत नाही. अँटिव्हायरसलाही रजा द्यावी. त्याला स्कॅनची हुक्की येते ती नेमकी अंतऱ्यात.

मशीन चालू केल्यावर काळा पडदा ‘एफ१ दाबा’ म्हणेल. मदरबोर्डवरचा सेल संपलाय, दुसरं काही नाही. दाबा. घड्याळ २००२ सालात गेलेलं असेल, ते तिथेच राहू द्यावं. उशिरावरून गिऱ्हाईक भांडायला आलं, तर फाइलवरची तारीख दाखवता येते: गाणं केव्हाचं तयार आहे, न्यायला तुम्हीच आला नाहीत.

आता बफर. खरी साधना इथेच. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल जातात. बफर १२८ ठेवला तर आवाज तीन मिलिसेकंदांत पुढे सरकतो, पण प्रोसेसरला दम लागतो आणि स्पीकर फुटाणे भाजू लागतो. २०४८ केला की कडकड थांबते. मात्र गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज निदान ४६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो स्वतःचीच वाट बघत गातो आणि लय ओढतो. अशा वेळी त्याच्या एका कानावरचा हेडफोन सरकवावा. पंख्याची घरघर माइकमध्ये येत असेल तर गोधडी गायकाच्या मागे टांगावी, सीपीयूवर टाकू नये. सीपीयू बंद पडतो.

रिव्हर्ब सगळ्या ट्रॅकना मिळून एकच. सिंथवर ढोलकी वाजवून झाली की तिचं ऑडिओ करून सिंथ बंद करावा. बाराव्या ट्रॅकला मशीन हात जोडतं, तिथे थांबावं. शंभर ट्रॅकवाल्यांची गाणी अजून फोल्डरातच आहेत, हे जाता जाता.

रेंडर होईपर्यंत गिऱ्हाईकाला काहीही ऐकवू नये. रेंडरला घाई नसते, त्यामुळे कडकड फाइलमध्ये उतरत नाही. तरीही त्याने आधी ऐकलंच आणि ‘तो कडकड इफेक्ट भारी आहे, राहू द्या’ म्हणाला, तर त्याचे पैसे वेगळे लावावेत. तो मुद्दाम करायला फार वेळ लागतो.