मेव्हण्याचा आउटर

पुण्याच्या सायकलवाल्यांत दोन पंथ आहेत. एक हायड्रॉलिक डिस्कब्रेकवाल्यांचा, दुसरा वायरवर चालणाऱ्या डिस्कब्रेकवाल्यांचा. पहिल्यात माझा मेव्हणा आहे. मी दुसऱ्यातला, कारण घाटात ब्रेकमधलं तेल गळलं तर कोण भरणार, वायर कुठल्याही गावात मिळते, असं मी चारचौघांत सांगतो. खरं कारण किंमत, आणि ते मेव्हण्याला माहीत आहे.

ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जायचं ठरलं तेव्हा माझ्या मागच्या ब्रेकचा आउटर, म्हणजे वायरीवरची जाड नळी, तडकलेला होता. "दाजी, नवा कशाला घेताय? माझ्याकडे पडलाय एक," असं म्हणून त्याने तो आणला आणि स्वतः बसवूनही दिला. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, या तत्त्वावर आमच्या घराण्याचा बराच संसार उभा आहे.

पिरंगुट गेलं, पौड गेलं. १९२१च्या सत्याग्रहातलं मुळशी धरण आलं; सेनापती बापटांना मनातल्या मनात नमस्कार केला, तलाव मात्र धुक्यात होता. ताम्हिणीत धबधबे होते आणि प्रत्येकाखाली उघड्या अंगाने सेल्फी काढणारी मंडळी होती. निसर्गवर्णन संपलं.

मग उतार लागला. मी, सायकल, सामान आणि सकाळची मिसळ मिळून वजन क्विंटलच्या पुढे जातं. एवढा ऐवज ओल्या उतारावर सुटलेला असताना मी मागचा ब्रेक दाबला. 'टच्च' असा आवाज झाला आणि लिव्हर मुकाट्याने हँडलला जाऊन टेकला. वाकून पाहतो तर कॅलिपरपाशी आउटरच्या टोकातून पोलादी तारा खराट्यासारख्या फिस्कारलेल्या. पुढच्या ब्रेकवर कशीबशी सायकल थांबवली.

तो आउटर गिअरचा होता. इथे मला जरा चिडू द्या. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ घातलेल्या असतात. गिअर अचूक पडायचा तर आउटर दबून चालत नाही, म्हणून ही रचना. पण त्या तारांना धरून ठेवायला वरचं प्लॅस्टिक सोडून कोणी नसतं. ब्रेकची ओढ कितीतरी जास्त. ती आली की तारा टोकातून बाहेर पडतात. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टीचं वेटोळं असतं, ते असं फुटत नाही. जाडीतही फरक आहे, गिअरचा साधारण चार मिलीमीटर, ब्रेकचा पाच. आतली वायर गिअरची १.१ किंवा १.२ मिलीमीटरची, ब्रेकची १.५ किंवा १.६ची. हे सगळं मेव्हण्याला पाठ आहे. लोकांना तो रविवारी सकाळी फुकट समजावून सांगतो.

पुढचा ब्रेक शाबूत होता. पण ओल्या वळणांवर त्याच्या एकट्याच्या जिवावर क्विंटल सोडणं म्हणजे हँडलवरून उडून सायकलीच्या आधी कोकणात पोचणं. मी चालायला लागलो. मेव्हणा पुढच्या वळणावर थांबला होता. त्याने खराटा पाहिला, काही बोलला नाही, आणि सायकलवरून उतरून माझ्याबरोबर चालू लागला. त्याचे ब्रेक उत्तम होते. खाली जाऊन भजी खात बसला असता तरी चाललं असतं. पाऊस बदाबदा कोसळत होता, गाड्या अंगावरून जात होत्या, आणि रस्त्याच्या बाजूने तो चालत होता, मला दरीच्या कठड्याकडे ठेवून. एवढ्यासाठी मी त्याला अर्धा गुन्हा माफ केला.

घाट उतरल्यावर पंक्चरची एक टपरी दिसली. म्हाताऱ्याने आउटर बोटांत फिरवला. "साहेब, ह्यो गिअरचा. घातला कोणी?"

मी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा डोंगराकडे पाहत होता.

म्हाताऱ्याने खिळ्यावरचं काळ्या आउटरचं भेंडोळं काढलं. हँडल दोन्हीकडे पुरतं वळवून माप घेतलं, पकडीने कचकन तोडलं. चेपलेलं तोंड कानशीने घासून सपाट केलं, कारण तोंड तिरकं राहिलं की टोपी नीट बसत नाही आणि लिव्हर मऊ लागतो. मग टोच्या घालून आतल्या प्लॅस्टिकच्या नळीचं मिटलेलं भोक अलगद उघडलं, फुंकर मारली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आरपार पाहिलं. पुण्यातल्या एसी दुकानांत इतक्या मायेने कोणी माझ्या सायकलीकडे पाहिलेलं नाही. पैसे मात्र त्याने रोख आणि पूर्ण घेतले. घासाघीस करायला मी तोंड उघडलं तेव्हा मेव्हण्याने आधीच दिले होते.

ब्रेक लागला, पण जरा स्पंजासारखा. वेटोळं दाबाखाली थोडं आखडतं, आणि मागचा आउटर लांब असल्याने ते जाणवतं. त्यावर उपाय म्हणजे न दबणारा, खास ब्रेकसाठीचा आउटर: तारा सरळच, पण त्यांच्यावर केव्लारसारख्या धाग्याचं विणलेलं वेष्टन. जॅगवायर, योकोझुना वगैरे बनवतात. महाग आहे.

दिवेआगरचा किनारा लांबलचक आणि सुंदर आहे. जेवताना आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, महागडा आउटर फक्त मागे घालावा; पुढचा जेमतेम दोन-अडीच फूट, तिथे साधा वेटोळ्याचा पुरतो. मेव्हणा म्हणतो, दोन्हीकडे एकच घाला, दिसायला बरं दिसतं. दिसण्याचा मुद्दा त्याने माझ्या ताटातली सुरमई उचलताना काढला, त्यामुळे मी आधी सुरमई वाचवली.